‘बसा’ म्हणायची चोरी

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण जन्मात त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत आहे म्हणून म्हणायचे, एवढंच. हाताखाली दोघं-चौघं राहून गेले, नाही असं नाही. पण मास्तरांचा स्वभाव असा की, शिकणाऱ्याची टीप वाकडी गेली तर रागवायचं सोडून ते गुपचूप ती उसवायचे आणि स्वतः सरळ घालून ठेवायचे. त्यामुळे शिकणाऱ्याला वाटायचं आपलं झकास चाललंय, आणि कितीही दिवस राहिला तरी त्याला साधी बाही जोडता यायची नाही. “तुमच्या हाताखाली कुणी शिकलंच, तर तो त्याच्या नशिबाने शिकेल,” असं त्यांची बायको म्हणायची. अशा माणसावर उतारवयात एका कुत्र्याला वळण लावायची पाळी आली.

कुत्रा आणला तोही मास्तरांनीच. शहराच्या टोकाला टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी एक निवारा होता. तिथल्या कुत्र्यांना जुन्या चादरींच्या गाद्या शिवून द्यायला म्हणून मास्तर गेले आणि येताना कुत्राच घेऊन आले. तांबूस रंगाचा, लांब पायांचा, आणि एक कान कधीतरी फाटून परत शिवलेला. त्या कानावरचे टाके पाहूनच मास्तर विरघळले होते. “काय सुबक काम केलंय,” असं म्हणत त्यांनी त्याचं नाव रफू ठेवलं.

“रफू ठेवा, नाहीतर काज-बटण ठेवा,” बायको म्हणाली. “उद्या पसार झाला म्हणजे बसाल शोधत.”

पण रफूला कुठे जायचंच नव्हतं. त्याला माणसं हवी होती, आणि ती सगळीच्या सगळी. निवारा चालवणाऱ्या बाईंनी तसं आधी स्पष्ट सांगितलं होतं. दोन घरांतून तो परत आला होता. चावत नाही, घाण करत नाही, अन्नाला तोंड वाकडं करत नाही. फक्त नवं माणूस दिसलं की त्याला राहवत नाही. मास्तर म्हणाले, एवढंच ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

मास्तरांच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. एका भिंतीला मशीन, मध्ये कापायचं टेबल, कोपऱ्यात उभा आरसा आणि त्यापुढे एक बुटका चौरंग. ट्रायलला आलेलं माणूस त्या चौरंगावर उभं राहायचं आणि मास्तर खाली गुडघ्यावर बसून दुमड टाचायचे. म्हणजे दिवसभर घरात नवी माणसं यायची, आणि रफूला दिवसभर दिवाळी. दार उघडलं की तो आतल्या खोलीतून सुसाट यायचा आणि पुढचे दोन्ही पाय थेट आलेल्याच्या छातीवर. मग हनुवटीला जीभ. मास्तर ओरडायचे, “बस, बस, अरे बस!” बायको आतून धावत यायची, “बस झालं रे, बस!” दोघं मिळून त्याला दोन्ही हातांनी छातीला धरून मागे रेटायचे. गिऱ्हाईक चिडायचं किंवा हसायचं, ते ज्याच्या त्याच्या कपड्यांवर होतं. पांढऱ्या पॅन्टवाले सहसा हसत नसत.

असंच चाललं असतं आणि खपलंही असतं. पण मग भाचीचा फोन आला.

भाची म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. आणि ही बहीण, अक्का, म्हणजे मास्तरांची नुसती बहीण नव्हे. आई गेली तेव्हा मास्तरांना नाक पुसायची अक्कल नव्हती. अक्काने शिवणाच्या मशीनवर पाय मारून त्यांना वाढवलं, सुईत दोरा ओवायला तिनेच शिकवलं, आणि तोंडात टाचण्या धरल्या म्हणून पाठीत धपाटेही तिनेच घातले. ती अक्का न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता ती वॉकर धरून चालायला लागली होती. भाचीची काही महिन्यांसाठी परगावी बदली झाली होती आणि तेवढे दिवस अक्काला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता.

“मामा, तुझ्याकडे ठेवायला मला कितीतरी आवडेल,” भाची म्हणाली. “पण तुझ्या त्या कुत्र्याने मागच्या वेळी मलाच पाडलं होतं. डॉक्टर म्हणालेत, आता पडली तर परत उभी राहायची नाही. एक तर तो, नाहीतर आई. नाहीतर मी तिची रुग्णांना ठेवतात तिथे सोय करते. जागा बघून ठेवली आहे.”

मग फोन अक्काने घेतला. आवाज बारीक झाला होता. “मला तिथे नको रे,” ती म्हणाली. “मला तुझ्याकडे यायचंय.” एवढंच बोलली. अक्काने आयुष्यात मास्तरांकडे कधी काही मागितलेलं त्यांना आठवेना.

मास्तरांनी निवाऱ्यातल्या बाईंना फोन लावला. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “परत आणलात तर मी नाही म्हणणार नाही. पण तीन घरांतून आलेल्या कुत्र्याला चौथं घर मिळत नाही, हेही सांगून ठेवते.” इकडे आड, तिकडे विहीर. मास्तर टेबलाशी बसून राहिले. रफू त्यांच्या पायावर हनुवटी टेकून निजला होता. त्याला काय माहीत, कोण येणार आहे आणि कोण जाणार आहे.

“मी एकदा येऊन बघते,” असं बाई म्हणाल्या होत्या, त्याप्रमाणे त्या आल्या. मास्तरांनी दार उघडलं आणि नेहमीच्या अगत्याने म्हणाले, “या, बसा.” त्याबरोबर रफू आतून आला आणि बाईंच्या छातीवर चढला. “बस, बस!” मास्तर ओरडले. रफूने बाईंची हनुवटी चाटून घेतली. बायकोने “बस म्हणते ना!” करत त्याला ओढलं, तसा तो दुप्पट जोराने परत चढला.

बाई भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसू आवरेना त्यांना.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमच्या कुत्र्याला ‘बस’ अगदी पक्कं येतंय. फक्त त्याचा अर्थ तुम्ही वेगळा शिकवलाय. तो उडी मारतो, तुम्ही ‘बस’ म्हणता आणि दोघं मिळून त्याच्या छातीला हात लावता. त्याच्या हिशेबी बस म्हणजे वर चढ, मग लाड होतात. आणि वर तुम्ही आलेल्या प्रत्येकाला दारातच ‘या, बसा’ म्हणता. बिचारा सांगितलेलं ऐकतोय.”

मास्तर थक्क झाले. म्हणजे जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला काही शिकवलं होतं, आणि तेही उलटं.

बाईंनी उपाय सांगितला. रफू उडी मारायला आला की हात लावायचा नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. पाठ फिरवायची. चारी पाय जमिनीला लागले की मग लाड, मग खाऊ. आणि ‘बस’ हा शब्द घरातून हद्दपार. त्याजागी दुसरा कुठलातरी शब्द. मास्तरांनी भाचीकडे अक्का यायच्या दिवसापर्यंत मुदत मागून घेतली, आणि तोवर ती जागा धरून ठेवते, असं भाची म्हणाली.

आता दुसरा शब्द शोधायचा म्हणजे सोपं वाटतं. बायको म्हणाली, ‘खाली’ म्हणा. पण माप घेताना मास्तर दिवसातून शंभरदा “हात खाली” म्हणत. ‘थांब’ म्हणावं, तर चौरंगावरच्या माणसाला “थांबा, हलू नका” चालूच. ‘नको’ म्हणावं, तर एकही गिऱ्हाईक असं नव्हतं ज्याला काहीतरी नको नसतं. शेवटी बायको वैतागून म्हणाली, “तुमच्या धंद्यात कुत्र्यासाठी एक शब्द शिल्लक नाही.” आणि ‘बस’ची हद्दपारी तर त्याहून अवघड. दारात माणूस आलं की ‘या, बसा’ तोंडातून आपोआप पडतं, शिंक आल्यासारखं. मास्तर जीभ चावायचे, पण चावेपर्यंत रफू गिऱ्हाइकाच्या खांद्याला पोचलेला असायचा.

खरी गोम सापडली ती टाचण्यांमुळे. एका दुपारी मास्तर एका बाईंच्या कोटाची दुमड टाचत होते. दोन्ही हात कापडात गुंतलेले, तोंडात टाचण्यांचा घोस. तेवढ्यात त्या बाईंचा भाऊ त्यांना न्यायला आला आणि उघड्या दारातून सरळ आत शिरला. रफू धावला. मास्तरांना उठता येईना, ओरडता येईना. ते नुसते “हं” म्हणाले. टाचण्या तोंडात असताना तेवढंच म्हणता येतं. रफू वाटेतच थबकला. त्याने मास्तरांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, कुणी हात पुढे करत नाही, कुणी काही बोलत नाही. शेपूट हलवत तो उभा राहिला आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, बुड टेकून बसला.

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि त्याला कुशीत घेतलं. गिऱ्हाईक बाई चौरंगावर अर्ध्या कोटात तशाच उभ्या होत्या.

त्या दिवसापासून त्या घराने मौन धरलं. लोक मूग गिळून गप्प बसतात, मास्तर टाचण्या धरून गप्प बसू लागले. बेल वाजली की आधी दोन टाचण्या ओठात. दार उघडायचं, पाठ फिरवायची, हात मागे बांधायचे. रफू येणार, नाचणार, पाठीला नाक लावणार. मास्तर ढिम्म. चारी पाय जमिनीला लागून बुड टेकलं की “हं,” आणि खिशातला खाऊ. दुसऱ्याची टीप आपण घालून द्यायची इथे सोयच नव्हती. पाय कुत्र्याचे होते, ते त्यानेच खाली ठेवायचे होते. मास्तर वाट बघायला शिकले. बायकोने टाचण्यांना साफ नकार दिला. ती नुसती ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून छताकडे बघायची. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय.

गिऱ्हाइकांना आधी कल्पना द्यायचे, “मी बोलणार नाही, राग मानू नका.” पण सगळ्यांना कुठे सांगत बसणार? बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर होते, त्यांना दारात पाठ दाखवलेली मुळीच रुचली नाही. “माणसाला बसा म्हणायची पद्धत उरली नाही इथे,” असं म्हणून ते पॅन्ट न देताच परत गेले. शब्द कानावर पडताच रफू त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावला, ही आणखी वेगळी गोष्ट. शेजारपाजारच्यांना पाहुणे म्हणून बोलावून झालं, पण ते दोनदा आले की रफूच्या ओळखीचे व्हायचे आणि उपयोग संपायचा. मग वॉकरची तालीम. बायको घरातली खुर्ची पुढे धरून, टक टक करत, अक्कासारखी वाकून दारातून यायची. पहिल्या दिवशी रफूने खुर्चीचा पाय चावला, पुढे पुढे तो बाजूला सरकायला लागला. गादीच्या उरलेल्या अस्तराची एक चौकोनी घडी मास्तरांनी दारापासून थोडी आत घालून दिली, तिच्यावर तो बसायचा. बसायचा म्हणजे त्याचं शेपूट आणि कान सोडून बाकीचा बसायचा.

आणि मग अक्का यायच्या आदल्या दिवशी माशी शिंकली. कुरियरवाला पार्सल घेऊन आला. चांगला घामाघूम झालेला. रफू अस्तरावर बसलेला होता, सगळं नीट चाललं होतं. आणि बायको, माणूसच ती, त्याचा अवतार बघून बोलून गेली, “बसा ना जरा, पाणी आणते.” क्षणात रफू त्याच्या अंगावर. पार्सल एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि तो स्वतः दाराच्या चौकटीला धरून कसाबसा उभा राहिला. तरणा माणूस होता म्हणून सावरला.

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. “माझ्यामुळे झालं,” म्हणाली.

“तुझ्यामुळे नाही,” मास्तर म्हणाले. “कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.” म्हणाले खरं, पण आपण कुणाबद्दल काय बोलतोय याची त्यांना लाज वाटली. त्या संध्याकाळी त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढला. निवारा बंद व्हायला अजून वेळ होता. पट्टा दिसताच रफूला वाटलं फिरायला जायचंय, तो आनंदाने दाराशी जाऊन अस्तरावर बसला आणि वर बघू लागला. न सांगता बसला. मास्तर त्याला घेऊन निघाले, कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानापर्यंत गेले, तिथून डावीकडे वळलं की निवाऱ्याची बस मिळायची. मास्तर उजवीकडे वळले. बागेला एक चक्कर मारून घरी आले आणि पट्टा परत खुंटीला लावला. बायकोने दोघांना वाढलं आणि कुत्र्यालाही घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी थांबली. ‘बस’ शब्द उच्चारायचा नाही हे अक्काला बजावून ठेव, असं मास्तरांनी भाचीला फोनवर निक्षून सांगितलं होतं. भाचीला वाटलं, मामाची काहीतरी गंमत. ती विसरून गेली.

मास्तरांनी दार उघडं ठेवलं, तोंडात टाचण्या धरल्या, आणि पाठ मात्र फिरवू शकले नाहीत. कशी फिरवणार? अक्का दारात उभी होती. पूर्वीची निम्मी राहिली होती. केस पांढरेशुभ्र, हाताच्या शिरा वर आलेल्या, वॉकरवर धरलेली बोटं थरथरत होती. टक, एक पाऊल. टक, दुसरं. मागे भाची दोन्ही हात पसरून, आता पडते की मग पडते, अशी. बायको कपाटाला टेकून छताकडे बघत होती. रफू अस्तरावर होता आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं. मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. आयुष्यात ज्या दोन जिवांना त्यांच्यावाचून दुसरं घर नव्हतं, ते दोघं त्या छोट्या खोलीत समोरासमोर होते.

अक्का खोलीच्या मध्यावर थांबली. दम खाल्ला. भावाकडे पाहिलं, तो गप्प. भावजयीकडे पाहिलं, ती छताकडे. इतक्या दिवसांनी, एवढं दुखणं काढून आली होती ती. तिचे डोळे भरून आले.

“का रे,” ती म्हणाली, “बहिणीला बस म्हणायचीही चोरी झाली का तुझ्या घरात?”

रफू उठला.

मास्तरांचे हात पुढे यायला निघाले, ते त्यांनी मुठी वळून मागे धरले. रफू अक्काकडे गेला. धावला नाही, गेला. वॉकरच्या रबरी बुडख्याचा त्याने वास घेतला, मग अक्काच्या चपलेचा, मग थरथरणाऱ्या हाताचा. त्याचा पुढचा एक पाय जमिनीवरून उचलला गेला. तो पाय तसाच अधांतरी ठेवून त्याने मान वळवली आणि मास्तरांकडे पाहिलं.

“हं,” मास्तर म्हणाले. टाचण्यांतून जेमतेम ऐकू येईल इतकंच.

रफूने पाय खाली ठेवला. आणि वॉकरच्या शेजारी, अक्काच्या पायाला अंग लावून, बुड टेकून बसला.

मागे चौरंग होता म्हणून बरं, मास्तर त्यावर मटकन बसले.

“अरे, मला उभं ठेवून तू काय बसलास?” अक्का म्हणाली. “आणि तोंडात काय ते? टाचण्या? अजून? काढ आधी.”

बायकोला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. मास्तरांनी टाचण्या एक एक करून काढल्या आणि शर्टाच्या बाहीला टोचून ठेवल्या. मग उठून अक्काची खुर्ची पुढे ओढली, तिच्या दंडाला धरलं, आणि कित्येक आठवड्यांनी मोकळ्या तोंडाने म्हणाले, “ये अक्का. बस.” भाचीने पटकन कुत्र्याकडे पाहिलं. रफूने नुसते कान हलवले. तो आधीच बसलेला होता.

अक्का खुर्चीत टेकली तेव्हा मास्तरांचा जीव भांड्यात पडला. भाची बाहेर जाऊन फोनवर बोलली. ती जागा आता नको म्हणून सांगत होती, ते आतपर्यंत ऐकू येत होतं. मग सामान आत आलं, औषधं कपाटात लागली, आणि बायकोने सगळी हकीकत सांगितली, शब्दाची, टाचण्यांची, कॅशियरच्या पॅन्टची सुद्धा. अक्का ऐकता ऐकता रफूच्या कानावरचे टाके बोटाने चाचपून बघत होती. टाके बारीक होते, तिला पसंत पडलेले दिसले.

“म्हणजे याला शिकवलं कुणी?” तिने विचारलं.

“यांनीच,” बायको म्हणाली.

“याने?” अक्काने भावाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “लोक इतकी वर्षं मास्तर मास्तर म्हणायचे, मला वाटायचं उगीच म्हणतात.”

मास्तर तोवर कॅशियरना फोन लावत होते. पॅन्ट घेऊन या, आता तुम्हाला हवं तितक्या वेळा बसा म्हणतो, असं सांगायला.